मूठभर गवत आणि चमचाभर मीठ

मी नववीत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या घरामागच्या खळ्यात गवताची एक मोठी गंजी रचली होती. दिवाळी तोंडावर आली होती. एके रात्री दोनच्या सुमारास ती गंजी पेटली. विहिरीवरून पाणी येईपर्यंत तिची राख झाली होती. सकाळी जो तो एकच प्रश्न विचारू लागला, काडी कोणी लावली? त्या वर्षी बांधावरून आमचे एका शेजाऱ्यांशी भांडण झाले होते. संशय साहजिकच त्यांच्यावर गेला आणि दोन घरांतले बोलणे बंद झाले. आमचे एक चुलत आजोबा तेवढे म्हणत होते, "अरे, काडी कुणी लावली नाही. चार दिवस गंजीतून करपलेल्या गुळासारखा वास येत होता. ती आतून पेटली." म्हाताऱ्या माणसाचे कोण ऐकतो! गवत आपोआप पेटते, यावर माझाही विश्वास बसला नाही. पुढे पदार्थविज्ञान शिकवू लागल्यावर मला त्या गंजीची पुन्हा आठवण झाली.

गवताची पारख हा विषय तुम्हाला कदाचित शेतकऱ्याचा किंवा गुरांच्या डॉक्टरांचा वाटेल. पण वाळलेले गवत चांगले की वाईट, हे ठरविण्यात निम्म्याहून अधिक भाग पदार्थविज्ञानाचा आहे. तो कसा, ते पाहू.

पाणी किती गेले?

ताज्या हिरव्या गवतात वजनाच्या ७० ते ८० टक्के पाणीच असते. समजा, १०० किलो गवत कापले आणि त्यात ८० टक्के पाणी आहे. ते वाळवून त्यात १५ टक्के पाणी उरले, तर वजन किती भरेल? वर्गात हा प्रश्न विचारला की पुष्कळ जण चटकन "३५ किलो" असे सांगतात. उत्तर चूक आहे. मूळ गवतात शुष्क पदार्थ २० किलो. तो काही कमी होत नाही. वाळल्यानंतर हे २० किलो म्हणजे एकूण वजनाचे ८५ टक्के. म्हणून वजन २० भागिले ०.८५, म्हणजे साडेतेवीस किलो. साडेशहात्तर किलो पाणी उडून गेले!

आता एक किलो पाण्याची साध्या हवेच्या तापमानाला वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी अप्रकट उष्णता लागते. म्हणजे एवढे पाणी घालवायला जवळजवळ ४४,००० किलोकॅलरी हव्यात. उष्णता मुळीच वाया जाऊ न देता हे काम चुलीवर करायचे ठरविले, तरी ११-१२ किलो लाकूड जाळावे लागेल. शेतकऱ्यासाठी ही सारी उष्णता सूर्य आणि वारा फुकट पुरवितात. मात्र ते आपल्या सोयीने काम करतात, शेतकऱ्याच्या नव्हे. अडचण नेमकी इथेच आहे.

आपल्याकडचे डोंगराळ, माळरानातले गवत साधारण सप्टेंबरच्या सुमाराला फुलोऱ्यात येते. गवत कापण्याची सर्वांत चांगली वेळ तीच. पाने भरपूर, काडी कोवळी आणि प्रथिने शंभरात सहा-सात भाग. पण तेव्हा पाऊस गेलेला नसतो. पाऊस पूर्ण जाईपर्यंत थांबावे, तर गवत बी धरते, काडी कडक होते आणि प्रथिनांचे प्रमाण तीन-चार टक्क्यांवर येते. लवकर कापले तर कुजण्याची भीती, उशिरा कापले तर हातात काड्या! आमच्या वडिलांनी त्या वर्षी मजूर मिळाले म्हणून लवकर कापणी केली होती. मध्ये दोन सरी येऊन गेल्या. वरून सुकलेले दिसणारे गवत घाईघाईने गंजीत गेले.

गंजी का तापते?

कापले म्हणजे गवत लगेच मेले, असे नाही. त्यातले पाणी ४० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत त्याच्या पेशी श्वसन करीत राहतात. साखर जळते आणि उष्णता बाहेर पडते. त्यानंतर जीवाणू आणि बुरशी काम सुरू करतात. पुरेसे पाणी असेल तोवर त्यांची चंगळ असते, आणि तेही श्वसन करून उष्णताच निर्माण करतात. जमिनीवर पसरलेल्या गवतात ही उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते. गंजीत ती कोंडते. कारण गवताच्या काड्यांमध्ये अडकलेली हवा उष्णतेची दुर्वाहक असते. आपल्या अंगावरची गोधडी करते तेच काम इथे गवत करते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. उष्णता निर्माण होते ती सगळ्या घनफळात, बाहेर पडते ती केवळ पृष्ठभागावरून. एक मीटर बाजूच्या घनाकृती ढिगाचे घनफळ १ घनमीटर आणि पृष्ठफळ ६ चौरस मीटर. चार मीटर बाजूच्या ढिगाचे घनफळ ६४ घनमीटर, पण पृष्ठफळ ९६ चौरस मीटरच. म्हणजे एका घनमीटरच्या वाट्याला सहाऐवजी दीडच चौरस मीटर आले. म्हणून लहान ढीग नुसता कोमट होऊन थांबतो आणि मोठी गंजी तापत जाते.

जीवाणूंमुळे तापमान ५०-६० अंश सेल्सियसपर्यंत सहज चढते. उष्णताप्रिय जीवाणूंच्या काही जाती त्याला ७० अंशांच्या घरात नेऊन पोचवितात. तेथे तेही मरतात. पण तोवर सूत्रे रसायनशास्त्राने हाती घेतलेली असतात. गवतातल्या पदार्थांचे ऑक्सिजनशी संयोग होऊ लागतात, आणि जसजसे तापमान वाढते तसतसा या क्रियांचा वेग वाढत जातो. उष्णतेने वेग वाढतो आणि वेगाने उष्णता वाढते. करपलेल्या गुळासारखा किंवा तंबाखूसारखा वास येतो तो याच अवस्थेत. आतला भाग काळा पडत जातो, आणि पुरेशी हवा मिळाली की पेट घेतो. हे सारे व्हायला रचल्यापासून दोन ते सहा आठवडे लागतात. आमची गंजी पाचव्या आठवड्यात पेटली होती.

गंजी तापली आहे का, हे पाहण्याची रीत सोपी आहे. एक लांब लोखंडी सळई गंजीच्या मध्यापर्यंत खुपसून अर्धा तास ठेवायची आणि ओढून काढून टोकाला हात लावायचा. हात ठेवता येत असेल, तर अजून वेळ आहे. गंजी मोडून गवत पसरावे. टोक हाताला सहन होत नसेल, तर आत ६० अंश किंवा त्याहून जास्त तापमान आहे असे समजावे. वास करपट असेल किंवा वाफांबरोबर धूर दिसत असेल, तर मात्र गंजी उकलण्याची घाई करू नये. उकलताना हवा आत शिरते आणि धुमसणारा भाग भडकतो. अशा वेळी पाण्याची सोय आणि अग्निशामक दल जवळ असल्याशिवाय हात लावायचा नाही. अशा गंजीवर चढणे तर फार धोक्याचे. आत जळून पोकळी झालेली असते, तिच्यात माणूस खचतो.

मिठाचा प्रयोग

मग गवत कितपत वाळलेले असावे? साधारणपणे १५ टक्के किंवा त्याहून कमी पाणी असेल तर ते टिकते. २० टक्क्यांच्या पुढे बुरशी ठरलेलीच. प्रयोगशाळेत हे मोजणे सोपे आहे. १०० ग्रॅम गवत बारीक कापून भट्टीत १०५ अंशांवर, वजन घटायचे थांबेपर्यंत ठेवायचे. जेवढे ग्रॅम कमी झाले तेवढे टक्के पाणी. पण शेतकऱ्याकडे भट्टी कोठून असणार? त्याच्यासाठी एक नामी युक्ती आहे, आणि ती तुम्ही शाळेत जरूर करून पाहा.

रुंद तोंडाची, झाकणाची कोरडी काचेची बरणी घ्या. गंजीच्या किंवा गासडीच्या आतून गवत काढून ते बारीक कापा आणि बरणी अर्धी भरा. त्यात दोन चमचे मीठ घाला. मीठ बारीक, पाकिटातले घ्या. तव्यावर कोरडे भाजून, थंड करून घ्या. खडे मीठ नको. त्यात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो आणि तो मुळातच हवेतले पाणी ओढतो. झाकण लावून बरणी मिनिटभर खूप हलवा, पंधरा मिनिटे ठेवा, पुन्हा हलवा. मीठ सुटे राहिले, तर गवत साठवायला योग्य. मिठाच्या गुठळ्या झाल्या किंवा ते काचेला चिकटले, तर गवतात पाणी १५ टक्क्यांहून जास्त आहे.

असे का व्हावे? शुद्ध मिठाचा एक ठरलेला गुण आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली असेल तोवर ते कोरडे राहते. त्यापुढे गेली की हवेतले पाणी घेऊन विरघळू लागते. बंद बरणीत गवत आणि हवा यांच्यात पाण्याची देवघेव होऊन समतोल साधतो. १५-१६ टक्के पाणी असलेल्या गवताभोवतीच्या हवेची आर्द्रता नेमकी ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिर होते. आणि बुरशी जोमाने वाढू लागते तीही साधारण याच आर्द्रतेपासून पुढे. म्हणजे मीठ आणि बुरशी यांची पाण्याची रेघ जवळजवळ एकाच ठिकाणी आहे! हा निसर्गातला योगायोग मला तरी फार मौजेचा वाटतो.

यावरून आणखी एक गोष्ट उघड होते. कोरडे घेतलेले गवत कोरडेच राहील, असे नाही. माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे घोडे आजही तेथे कामाचे प्राणी आहेत. आता जुलै महिन्यात त्या डोंगरावरची हवा मनात आणा. आर्द्रता नव्वदीच्या घरात. अशा हवेत उघडे ठेवलेले उत्तम गवतही काही दिवसांत २० टक्क्यांच्या वर पाणी ओढून घेते. म्हणून गवत जमिनीला टेकू न देता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर आणि घट्ट रचून ठेवायचे. बाहेरच्या थराला ओल आली, तरी आत पोचायला तिला वेळ लागतो.

पैशांचा हिशेबही करून पाहा. १२ टक्के पाण्याच्या एक टन गवतात ८८० किलो शुष्क पदार्थ आला, २५ टक्के पाण्याच्या गवतात ७५०. दोन्हींचा भाव एकच असेल, तर दुसऱ्या गिऱ्हाइकाने १३० किलो पाणी गवताच्या भावाने विकत घेतले. पालघर, वाडा, डहाणू या भागांतून मुंबईच्या तबेल्यांकडे गवत पाठविण्याचा धंदा जुना आहे. त्यातले जाणते गिऱ्हाईक गासडी उचलून पाहते, ते काही उगाच नाही. आकाराच्या मानाने जड गासडी दिसली की त्याला ओलीचा संशय येतो.

कवडशातली धूळ

आता दुसरी परीक्षा. हिला काहीच साहित्य लागत नाही. तबेल्याच्या किंवा गोठ्याच्या छपरातून कवडसा पडत असेल, तेथे मूठभर गवत झटका आणि कवडशाकडे बाजूने पाहा. एरवी न दिसणारे कण प्रकाश विखुरतात आणि चमकू लागतात. पण सगळी धूळ वाईट नसते. ती किती वेळ तरंगते ते पाहा. मातीचा एक कण ५० मायक्रॉन व्यासाचा धरला, तर तो स्थिर हवेत एक मीटर खाली यायला काही सेकंदच घेतो. बुरशीचा बीजाणू ३ मायक्रॉनचा धरला, तर त्याला एक तास लागतो! व्यास सतराव्या हिश्शाने झाला की पडण्याचा वेग जवळजवळ पावणेतीनशेपट कमी होतो, कारण वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून झटकल्यावर धूळ भराभर खाली बसली, तर ती बहुधा माती. धुके तरंगतच राहिले, तर गवत बुरसटलेले. मात्र ही परीक्षा करताना नाकातोंडावर रुमाल बांधा. बुरसट गवत वरचेवर हाताळणाऱ्या माणसांना होणारा फुप्फुसाचा आजार इंग्लंडमध्ये १९३२ साली नोंदविला गेला. 'शेतकऱ्याचे फुप्फुस' असेच त्याला नाव पडले.

घोड्याला तर ही धूळ फारच बाधते. गव्हाणीत तोंड घालून तो तासन् तास खात असतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर बीजाणू आत ओढतो. कायमचा खोकला आणि धाप लागलेला घोडा कामातून जातो. थोडी मातीची धूळ असेल तर गवत पाण्यात बुडवून, निथळून घालता येते. बुरशी मात्र धुऊन जात नाही. ते गवत खत म्हणूनच वापरावे.

रंग, पान आणि काडी

गिऱ्हाईक सर्वांत आधी रंग पाहते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फसते ते तेथेच. हिरवा रंग म्हणजे हरितद्रव्य टिकले आहे, त्याच्याबरोबर कॅरोटीनही टिकले असणार. कॅरोटीनपासून जनावराच्या शरीरात 'अ' जीवनसत्त्व तयार होते. इथवर ठीक आहे. पण गासडीचा बाहेरचा थर उन्हाने पिवळा पडलेला असून आतले गवत उत्तम असू शकते. उलट हिरवेगार दिसणारे गवत अर्धेओले असू शकते. म्हणून गासडी फोडल्याशिवाय मत देऊ नका. तपकिरी-काळा रंग दिसला तर मात्र समजा, की गवत कधी तरी तापलेले आहे. अशा गवतातली प्रथिने साखरेशी जखडली जातात. रासायनिक पृथक्करणात ती दिसतात, पण जनावराला पचत नाहीत. पृथक्करणात प्रथिने थेट मोजली जात नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. डेन्मार्कमधील केल्डाल या रसायनज्ञाने १८८३ साली शोधलेली ही पद्धत आजही वापरात आहे. पण आकडा चांगला आला म्हणून गवत चांगलेच, असे म्हणता येत नाही, ते यामुळे.

रंगापेक्षा पाने मोजा. पोषण पानात, काडीत आधार. लसूणघासात तर प्रथिनांचा सुमारे दोन-तृतीयांश वाटा पानांत असतो, आणि ती पाने फार वाळली की हात लावताच चुरा होऊन पडतात. म्हणून लसूणघास सकाळी, दवाने पाने नरम असताना उलथावा. मग गवताच्या शेंड्याकडे पाहा. बी भरून झडले असेल, तर कापणी उशिरा झाली. एक काडी बोटांत वाकवा. तारेसारखी टोचत असेल, तर तिच्यात लिग्निन वाढले आहे. लिग्निन जीवाणूंनाही फारसे पचत नाही. आणि कुसळे पाहायला विसरू नका. कुसळी गवताचे पिकलेले कुसळ ओले झाले की पीळ सोडते, वाळले की पुन्हा पीळ घेते. या फिरण्यानेच त्याचे बी जमिनीत घुसते. जनावराच्या हिरड्यांत आणि जिभेतही ते तसेच घुसते. एक कुसळ ओल्या बोटावर ठेवून पाहा, फिरताना दिसेल.

गाईचे चालते, घोड्याचे नाही

एकच गवत गाईला चालते आणि घोड्याला चालत नाही, असे का? गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरहून अधिक मावते. तेथे जीवाणू सेल्युलोज आंबवितात, गाय ते रवंथ करून पुन्हा दळते, आणि मग आतडे येते. म्हणून कडबा, भाताचा पेंढा असली प्रथिने कमी असलेली वैरणही ती, सोबत पेंड किंवा हिरवा चारा मिळाला तर, सार्थकी लावते. मालदांडी ज्वारीच्या कडब्याला सोलापूर भागात एवढा मान आहे, तो त्याच्या पानांमुळे आणि गोडीमुळे. घोड्याचे पोट लहान. त्याचे आंबविण्याचे काम अन्न पोट आणि लहान आतडे ओलांडून गेल्यावर, अंधांत्र आणि मोठ्या आतड्यात होते. तो रवंथ करीत नाही आणि त्याला ओकताही येत नाही. कडक काड्यांचा गोळा आतड्यात अडकला, तर पोटशुळाने घोडा दगावू शकतो. तेव्हा काडी जरा जाड झाली तर ते गवत गोठ्याकडे द्या, पागेकडे नको.

पण बुरशीच्या बाबतीत गाईलाही सूट नाही. १९२०च्या दशकात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेत स्वीट क्लोव्हर नावाच्या, मेथीच्या कुळातल्या चाऱ्यावर ठेवलेली गुरे किरकोळ जखमेतून रक्त वाहून मरू लागली. स्कोफील्ड या पशुवैद्याने एकाच साठ्यातून चांगली आणि बिघडलेली काडी वेगळी केली आणि ती दोन सशांना घातली. बिघडलेली काडी खाणारा ससा रक्तस्रावाने मेला, दुसरा ठणठणीत राहिला. प्रयोग किती साधा! १९३३च्या फेब्रुवारीत, हिमवादळातून, एक शेतकरी मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारे रक्त आणि बुरसट क्लोव्हर घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्याकडे आला. लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ साली त्यातले द्रव्य वेगळे काढले. त्याचे नाव डायकूमॅरॉल. नुकत्याच वाळलेल्या गवताला जो गोडसर सुवास येतो, त्याला कारण असलेल्या कूमॅरिनपासूनच बुरशी हे द्रव्य बनविते! पुढे त्याच्याच धर्तीवर वॉरफरिन तयार झाले. १९४८मध्ये ते उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि काही वर्षांनी माणसांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून औषध झाले. तेव्हा गवत हुंगताना सुवास आला तर ठीक. कुबट वास आला तर जनावर भुकेले आहे म्हणून ते पुढे टाकू नका.

आमच्या घरी त्या वर्षापासून गंजीत लोखंडी सळई खुपसून ठेवण्याची पद्धत पडली. चुलत आजोबा रोज सकाळी तिला हात लावून पाहत. मी एम.एस्सी. झाल्यावर एका सुटीत वडिलांना हे घनफळाचे आणि पृष्ठफळाचे गणित कागदावर मांडून दाखविले. त्यांनी ते दोनदा वाचले, घडी करून खिशात घातले आणि बांधापलीकडच्या घरी गेले. आजोबा तोवर हयात नव्हते.